भाषाशास्त्राला काय भाव?

"मंग गाऊन दाखवा ना," अध्यक्ष म्हणाले.

मी मुलाखतीला गेले होते. गाण्याच्या नाही. आर्णीतल्या एका खासगी संस्थेच्या कॉलेजात मराठी शिकवायला माणूस पाहिजे होता, म्हणून गेले होते. अंगावर इस्त्रीची साडी. हातात फाईल. फाईलमध्ये एम. ए.ची मार्कलिस्ट, सरकारी विद्यापीठाची पदवी, जातीचा दाखला. तांड्यावरून फुलसावंगी, तिथून महागाव, तिथून आर्णी, असं गाड्या बदलत आले होते. साडीला धूळ लागू नये म्हणून सगळ्या वाटेत पदर गच्च धरून बसले होते.

अध्यक्षांच्या खोलीत एसी होता. ते गाडीच्या चावीनं कान कोरत होते. बाजूला प्राचार्य. सोफ्यावर संस्थेचे दोन सदस्य. त्यातल्या एकाचं कृषी केंद्र आहे, त्याच्या दुकानातून आम्ही बियाणं नेतो. त्यानं मला ओळखलं नाही. बियाणं न्यायला बा जातो.

अध्यक्षांनी फाईल उघडली.

"एमे कायच्यात हाये?"

"भाषाशास्त्रात."

"म्हंजे मराठी?"

"नाही सर. भाषाशास्त्र. माणूस आवाज कसे काढतो, शब्द कसे बनतात, लहान मूल भाषा कशी शिकतं, त्याचा अभ्यास."

"बोलाले शिकवता म्हना," कृषी केंद्रवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. हसावं लागतं.

अध्यक्षांनी चावी कानातून काढली, पाहिली, रुमालाला पुसली.

"मी काय म्हंतो म्याडम, याचं भेटते काय? इंग्रजीवाला ट्यूशन घेते. गणितवाला क्लास टाकते. याले मार्केट काय हाये?"

या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून गेले होते. शब्दकोश. भाषांतर. दवाखाना, कोर्ट, जिथं एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही तिथं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पहिलीची पोरं, ज्यांच्या घरची बोली वेगळी आणि पुस्तकाची वेगळी. मी बोलत होते. चहा आला. अध्यक्षांनी कपाकडे बघितलं, मग फाईलकडे. जातीच्या दाखल्यावर थांबले.

"लमानी का तुमी?"

"हो सर. बंजारा."

"मंग लमानी बोली येत असन."

"ती माझी मातृभाषा आहे. एम. ए.ला माझा प्रकल्प त्याच बोलीवर होता."

मला वाटलं, आता विचारतील. प्रकल्पात काय केलं, काय सापडलं. मी खुर्चीत जरा पुढं सरकले.

तेव्हा ते म्हणाले, "मंग गाऊन दाखवा ना. तुमच्या बाया लग्नात रडत रडत गातेत ते."

ते म्हणजे ढावलो. आमच्या तांड्यावर लेक सासरी निघते तेव्हा ती गाते. आईच्या गळ्यात पडून, बापाच्या, भावाच्या, गायीच्या गळ्यात पडून, उंबऱ्याला धरून गाते. गाणं आणि रडणं वेगळं काढता येत नाही. शिकवताना सोडलं तर एरवी कोणी ते गात नाही. घरात गुणगुणलं तरी म्हातारी बाई तोंडावर हात ठेवते.

मी प्राचार्यांकडे बघितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं टेबलाकडे बघितलं.

मी गायले.

का गायले, हे मला लोकांनी नंतर पुष्कळदा विचारलं. नोकरी पाहिजे होती. बस. घरी बसून दोन उन्हाळे गेले होते.

डोळे मिटून गायले. दोन ओळी. डोळे उघडले तेव्हा कृषी केंद्रवाल्याचा मोबाईल माझ्या तोंडासमोर होता. दुसरा सदस्य म्हणाला, "रडून राह्यली का गाऊन राह्यली, समजतच नाही." पुन्हा हसले. अध्यक्षांनी फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली.

"छान. कळवतो."

बाहेर ऊन होतं. बसस्टँडवर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी बाकावर बसले आणि गाड्या जाऊ दिल्या.

माझी बोली हा माझा गुन्हा आहे, हे मी फार लहानपणी शिकले होते. फुलसावंगीच्या शाळेत मास्तरांनी पोरांना विचारलं, काल काय जेवले. माझी पाळी आली. मी म्हणाले, बाटी. आमच्याकडे भाकरीला बाटी म्हणतात. मास्तर म्हणाले, "भाकर म्हन." मी घाबरले, पुन्हा बाटीच तोंडातून आलं. वर्ग हसला. भाकर म्हणेपर्यंत मी उभी. शब्द येत होता, पण तोंडातून निघत नव्हता. त्या दिवसानंतर मी वर्गात बोलायचं सोडून दिलं. वर्ष संपताना मास्तरांनी बाला बोलावून सांगितलं, "पोरगी मंद हाये तुमची." बा हात जोडून उभा होता. घरी येताना त्यानं माझं बोट घट्ट धरलं होतं.

मी मंद नव्हते. पुढं मी मराठी अशी घासली, अशी घासली की फुलसावंगीतल्या मास्तरांच्या पोरांपेक्षा मला जास्त मार्क पडायला लागले. बोली घरात ठेवून शाळेत जायचं. चप्पल दाराशी काढतात तशी.

विद्यापीठात गेले ती एम. ए. मराठी करायला. जागा भरल्या होत्या. खिडकीतला कारकून म्हणाला, "भाषाशास्त्रात जागा रिकाम्या हायेत. तिथं कोनी जात नाही." मी गेले. भाषाशास्त्र म्हणजे काय हे मला त्या कारकुनापेक्षा जास्त माहीत नव्हतं.

पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला मातृभाषा विचारली. मी सांगितलं, मराठी. सरांनी माझं आडनाव पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "घरी आईला कशी हाक मारता?"

वर्गात मोजकी पोरं होती. मला पुन्हा शाळेतलं ते उभं राहणं आठवलं. हळू आवाजात म्हणाले, "याडी."

सर फळ्याकडे वळले आणि तो शब्द त्यांनी लिहिला. देवनागरीत, आणि मग खाली त्या ध्वनींच्या खुणांत. म्हणाले, "यातला ड ऐका. जीभ वर जाते, आपटते आणि लगेच खाली येते. पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हणाले. सगळ्या वर्गानं माझ्यामागून म्हटलं. याडी. कोणी हसलं नाही. माझी याडी त्या वेळी शेतात कापूस वेचत असेल, आणि तिचं नाव एका फळ्यावर होतं. मी मान खाली घातली. रडताना कोणी पाहू नये म्हणून.

त्या पदवीची किंमत मला त्या दिवशी मिळाली होती. पण ती किंमत घेऊन किराणा भेटत नाही. हे सर सांगायचे नाहीत. त्यांना पगार होता.

माझा प्रकल्प याडीच्या आवाजावर उभा राहिला. आमच्या आजूबाजूच्या तांड्यांवर लग्न निघालं की तिला बोलावणं यायचं. नवरीला ढावलो शिकवायचा, तो तिनंच. कुठं हुंदका घ्यायचा, कुठं ओळ तोडायची, बाप समोर आला की काय म्हणायचं. ती पोरींना जवळ घेऊन शिकवायची. मी विद्यापीठातून रेकॉर्डर आणला आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्यासमोर बसले. तिला हसू यायचं. म्हणायची, "हे कोन इकत घेते?" प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी तिचं नाव टाकलं. तिला वाचता येत नाही. तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं.

संस्थेतून फोन आला नाही. व्हिडिओ आला.

माझ्या भावाच्या मोबाईलवर आला, कुठल्यातरी ग्रुपवर. वर लिहिलेलं, "एमे पास लमाणीन, नोकरीसाठी रडारड." पुढं हसणारी तोंडं. भावानं मला न सांगता तो पुसून टाकायचा प्रयत्न केला. पण तोपर्यंत तांड्यावर सगळ्यांकडे आला होता. सोयाबीन काढायला आलेल्या मजुरांकडे आला होता.

याडीनं भावाला सांगितलं, लाव. तिनं शेवटपर्यंत पाहिला. पुन्हा लावायला लावला. मग विचारलं, "मागं मानसं हासून राह्यली का?"

मी म्हणाले, हो.

ती म्हणाली, "ढावलो आयकून हासनारी मानसं म्या पयल्यांदा पाह्यली."

एवढंच. उठून बकऱ्यांना पाला टाकायला गेली. मला ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच महिन्यात नेरच्या बाजूच्या एका तांड्यावरून मला सोयरीक आली होती. मुलगा बँकेत होता. त्याच्या बापानं फोनवर बाला सांगितलं, पोरगी चांगली आहे, पण लग्नाआधीच ढावलो गाऊन बसली, आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना ते चालत नाही. आणि दुसरं म्हणाला, "त्या डिग्रीवर नोकरी लागत नाही म्हंतेत. डीएड केलं असतं तं काही तरी होतं." बा "हो जी, हो जी" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्यानं मला विचारलं, "बेटी, डीएड काहून नाही केलं तू?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.



आणि याडीनं गाणं सोडलं.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. बाया बोलवायला आल्या. याडी म्हणाली, घसा बसला आहे. घसा बसलेला नव्हता. ती मांडवात एका बाजूला भांड्यांजवळ बसून राहिली. पाठवणीच्या वेळी डीजे चालू होता. नवरी आईच्या गळ्यात पडली. तिला काय म्हणायचं ते कोणी शिकवलंच नव्हतं. ती नुसती हुंदके देत राहिली आणि मग गाडीत बसली. याडी भांडी घासत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग प्राचार्यांचा फोन आला. मराठीच्या बाई बाळंतपणाला गेल्या होत्या. तासिकेवर येता का, म्हणून विचारत होते. तासिका म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, पेपर तपासायचे नाहीत. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे मिळतं, मला तासामागे मिळणार होतं. आर्णीचं येणं-जाणं निघून वर चहापुरते उरायचे. बाजूच्या वर्गात तेच पुस्तक शिकवणाऱ्या कायम सरांनी त्या वर्षी घरावर मजला चढवला.

मी हो म्हणाले. व्हिडिओवाल्या कॉलेजात मी कशी गेले, असं भावानं विचारलं. मी म्हणाले, दुसरं कुठं जाऊ ते सांग.

पोरं चांगली होती. काहींनी व्हिडिओ पाहिलेला होता, त्यांच्या नजरेत कळायचं. एक दिवस मी फळ्यावर लिहिलं, "का?" आणि विचारलं, घरी काय म्हणता. काहून. कायले. कोणी हिंदीतलं सांगितलं. मी आमचा शब्द सांगितला. मागच्या बाकावरची एक कोलाम आदिवासी पोरगी उठून फळ्याजवळ आली आणि तिच्या घरचा शब्द तिनं माझ्या कानात सांगितला. मी तो लिहिला. तिनं जागेवर जाऊन फळा तासभर पाहिला. तिला काय होत होतं ते मला माहीत होतं.

दारातून प्राचार्य बघत होते. तास संपल्यावर म्हणाले, "हे सिलॅबसमधी हाये का?"

मी म्हणाले, नाही.

"मंग कायले?"

हिवाळ्यात कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती येणार होती. भिंतींना रंग लागला. आणलेल्या कुंड्या रांगेत लागल्या. आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"उद्या आईचा ड्रेस घालून या. फेटिया, कांचळी, ते आरशावालं. स्वागताले गाणं ठेवलं हाये तुमचं."

"कोणतं गाणं सर?"

"तेच ते. मोबाईलवालं. अध्यक्ष साहेबाची इच्छा हाये."

"सर, ते स्वागताचं गाणं नाही."

"त्याईले कुठं समजते?"

ते मला पटवून देत होते. खरंच. त्यांना वाटलं, माझी अडचण एवढीच आहे. म्हणाले, साहेब खुश झाले तर पुढच्या वर्षी तुमचं नाव कायमसाठी टाकू.

घरी आले तेव्हा याडी दारात होती. माझं तोंड बघून म्हणाली, "कांई वेगो?" काय झालं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिनं पेटी उघडली आणि तिचा फेटिया काढला. तिच्या लग्नातला घागरा. आरसे काळे पडलेले, काही दोऱ्यावर लोंबत होते. ती तो मांडीवर घेऊन बसली. हातानं सुरकुत्या सरळ करत राहिली.

मग म्हणाली, "घाल. नोकरी हाये."

त्या क्षणी माझ्या आत काहीतरी तुटलं. अध्यक्ष हसले तेव्हा नाही, व्हिडिओ आला तेव्हा नाही. आता. जी बाई लेकी निघताना तांडा रडवायची, जिला ढावलो म्हणजे काय हे या जिल्ह्यात सगळ्यात जास्त कळतं, ती मला म्हणत होती, घाल. माझ्यासाठी तिनं तेही देऊन टाकलं होतं. एका तासिकेसाठी. तिच्यापाशी आता राखायला काही उरलं नव्हतं, आणि ते माझ्या हातून गेलं होतं की त्यांच्या, याचा हिशोब मला करायचा नव्हता. पण यापुढं जाणार नव्हतं.

मी फेटिया तिच्या मांडीवरून उचलला, घडी केली आणि पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रोजच्या साडीत गेले. मंडप टाकला होता. समितीचे लोक समोर सोफ्यावर. माझं नाव घेतलं नाही. सूत्रसंचालक म्हणाला, "आता आपल्या लमाण समाजाच्या भगिनी पारंपरिक गीत सादर करतील." साडी बघून प्राचार्यांचा चेहरा उतरला. मी माईकपाशी गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं. माईकची दांडी धरली.

मी म्हणाले, "मी या कॉलेजात मराठी शिकवते. माझी पदवी भाषाशास्त्राची आहे. मी गाणार नाही. मला जे गायला सांगितलं ते आमच्याकडे लेक घर सोडताना रडत गाते. ते करमणुकीचं नाही. माझ्या विषयावर बोला म्हणून सांगितलं असतं तर बोलले असते."

मी खाली उतरले.

लोकांना वाटतं अशा वेळी काहीतरी होतं. टाळ्या पडतात, कोणी उभं राहतं. काही झालं नाही. अध्यक्ष हसत माईकवर म्हणाले, "ताई घाबरल्या आमच्या." मग स्पीकर लागला आणि पोरींचा नाच सुरू झाला. चहाच्या वेळी समितीतल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. इंग्रजीत म्हणाल्या, विषय छान आहे तुमचा. त्यांच्या प्लेटमध्ये शेव होती. नाव विचारलं नाही. पुढं गेल्या. मागच्या बाकावरची ती कोलाम पोरगी मंडपाच्या खांबापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, जवळ आली नाही.

सोमवारी प्राचार्य म्हणाले, तासिका भरल्या. मराठीच्या बाई अजून आल्या नव्हत्या. माझ्या जागी अध्यक्षांचा भाचा आला. त्याची पदवी इतिहासाची आहे.

याडीला सांगितलं. मला वाटलं ती पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली, "आता खाशील काय?"

प्रश्न बरोबर होता. मी कापूस वेचायला गेले. आमच्या शेतात, आमचा संपला की दुसऱ्यांच्या. वेचताना बाया विचारायच्या, "काय व, एवढी शिकून इथंच?" मी हो म्हणायचे. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात. मला सवय राहिली नव्हती. याडीच्या आणि माझ्या ओळी शेजारी असायच्या. ती पुढं निघून जायची. वेचताना ती पूर्वी काहीतरी गुणगुणायची. आता नाही.

त्या हंगामात सक्रीकाकी माझ्याकडे आली. आमच्या शेजारची. तिची सासू पोट धरून बसली होती. यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर भराभर विचारतात आणि म्हातारी सगळ्याला मान हलवते. दुखतं का, हो. नाही दुखत का, हो. सक्रीकाकीची मराठीही तुटकी. म्हणाली, तू चल.

मी गेले. दिवसभर त्या म्हातारीजवळ बसले. तिला आमच्या बोलीत विचारलं. दुखणं कसं आहे, टोचतं की पिळतं की जळतं, आमच्याकडे याला वेगवेगळे शब्द आहेत. तिनं नीट सांगितलं. मी डॉक्टरला मराठीत सांगितलं, जसंच्या तसं, माझ्याकडचं काही न घालता. तो लिहीत गेला. पुन्हा पुन्हा विचारत गेला. हे मी शिकले होते. याच कामासाठी मी परीक्षा दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सक्रीकाकीनं आमच्या बाजेवर तुरीच्या डाळीची पिशवी आणून ठेवली.

मी म्हणाले, "राहू दे काकी. घरचंच आहे."

तिला समजलं नाही मी नको का म्हणते ते. म्हणाली, "दिवसभर काम केलं ना तू."

काम.

हा शब्द माझ्या पदवीला त्याआधी कोणी लावला नव्हता. छान विषय, वेगळा विषय, हे म्हणून झालं होतं. मार्केट काय, हे म्हणून झालं होतं. सक्रीकाकी शाळेत गेलेली नाही. तिला एवढं माहीत होतं की एखादीचा दिवस घेतला की त्याचं काहीतरी द्यायचं असतं. मी ती पिशवी आत नेऊन ठेवली. याडीनं त्या दिवशी त्याच डाळीचं वरण केलं, आणि आम्ही चौघं जेवलो.

या वर्षी उन्हाळ्यात तांड्यावर एक पांढरी गाडी आली. मोठ्या शहरातली संस्था. बोलीभाषा वाचवायचं काम करतात म्हणाले. कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं. एक बाई, एक तरुण माणूस, दोघं चांगलं बोलणारे. बानं बाज टाकली, भावानं पाणी आणलं. त्यांना गोरबोलीचे, म्हणजे आमच्या बंजारा बोलीचे, शब्द पाहिजे होते. हजारो. अर्थासकट, उच्चारासकट. म्हाताऱ्या बायांचे आवाज पाहिजे होते. तांड्यांवर फिरून वर्षभर मी ते गोळा करायचं.

मी विचारलं, "पगार काय?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "हे तुमच्याच समाजासाठी आहे. आम्ही मानधन देऊ शकत नाही, पण प्रमाणपत्र देऊ."

"तुम्हाला पगार आहे?"

"आमचं ऑफिस आहे ना."

"गाडीच्या ड्रायव्हरला?"

"त्याला तर द्यावाच लागतो."

"मग मलाही द्यावा लागेल," मी म्हणाले. "आणि ज्या बाया बोलतील त्यांना वेगळा."

तरुण माणसानं बाकडे बघितलं. बापाला समजावलं तर पोरगी ऐकेल, असं वाटलं असेल. म्हणाला, "काका, सांगा ना ताईंना. सेवा आहे ही." बा, जो मास्तरांपुढं हात जोडून उभा होता, फोनवर हो जी म्हणत होता, तो म्हणाला, "भाव तिचा हाये. तिलेच इचारा."

त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कॉलेजातल्या कायम मास्तराला एका दिवसाचा जो पगार पडतो, तो. एक पैसा खाली नाही. बाई म्हणाल्या, विचार करून कळवतो. गाडी वळली, धूळ बसली. भाऊ म्हणाला, "थोडं कमी सांगितलं असतं तं." तांड्यावर पुष्कळांना वाटतं मी डोक्यावर पडले आहे. बोलीवर प्रेम असतं तर फुकट केलं असतं, असंही एक जण म्हणाला. तो फुकट कुणाच्या शेतात जात नाही.

याडी अजून गात नाही. मी तिला गा म्हणत नाही. तो तिचा आवाज आहे.

मी कापूस वेचते, सोयाबीन काढते, त्याची मजुरी घेते. आणि कोणी बोलीचं काम घेऊन आलं तर माझा दर सांगते. शाळा आली, वर्तमानपत्रवाला आला, एक पुढारी भाषण लिहून मागायला आला. सगळ्यांना तोच सांगितला.

अजून कोणी दिलेला नाही. मी कमी केलेला नाही.